नजरेचं माप

मास्तर टेप वापरत, पण तो लोकांच्या समाधानासाठी. गिऱ्हाईक उंबऱ्यावर बूट पुसून आत येईपर्यंत त्यांच्या डोळ्यांनी खांदा, बाही, कंबर, उंची सगळं घेतलेलं असे. मग ते गळ्यातला टेप ओढून रीतसर मोजत, आकडा मोठ्याने सांगत, आणि कोपऱ्यात बसलेल्या काज-बटणं करणाऱ्या काकू तो कागदाच्या कपट्यावर टिपून घेत. आकडा नजरेने आधीच ठरवलेला असायचा. टेप त्याच्यावर फक्त अंगठा उठवायचा.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याच्या बाजूला मशीन, मधे कापायचं टेबल, मागे आरसा आणि कपडे बदलायला कोपऱ्यात पडदा. समोर शाळेचं फाटक. मास्तर बहुतेक शाळेचे गणवेशच शिवत. तोच करडा-निळा रंग, तोच बेत, तीच बटणं. आत घालायला तेवढी दरवर्षी निराळी मुलं. दुसऱ्या एखाद्याला याचा कंटाळा आला असता. मास्तरांना आला नाही, कारण त्यांचं खरं लक्ष कपड्याकडे नव्हतंच. ते वाढ बघत. मूल रोज वाढत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ते महिनोन्महिने थांबतं आणि मग एखाद्या सुट्टीत वाढून मोकळं होतं. तेही सगळं एकदम नाही. आधी पाऊल, मग पाय, मग हात. खांदे सगळ्यांत शेवटी, जेवणं उरकत आल्यावर पोचणाऱ्या पाहुण्यासारखे. तोवर ते मूल आपल्याच हातापायांना अडखळत हिंडतं, पाण्याचे पेले सांडतं, आणि घरचे म्हणतात की हल्ली याचं लक्ष कुठे असतं कोण जाणे.

शिवणीच्या आत, बाहेरून दिसणार नाही असं, जे जास्तीचं कापड सोडतात त्याला शिंपी माया म्हणतात. का म्हणतात ते मास्तरांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनीही विचारलं नव्हतं. रेडिमेडवाले माया कापून टाकतात, कापड वाचतं. मास्तर दोन्ही कुशींना दोन दोन बोटं ठेवत आणि खालच्या दुमडीत चार. एखादी आई काळजीने म्हणे, सहा महिन्यांत घट्ट होईल हो. मास्तर म्हणत, होऊ द्या, आत माया आहे. एवढं बोलून पुन्हा मशीनवर वाकत. काकूंना ते पुरत नसे. कापडाला एवढी माया, मग माणसांशी बोलताना शब्द का मोजून मापून, असं त्या विचारत. मास्तर दोरा दाताने तोडत. तेच त्यांचं उत्तर असे.

त्यांना एकच मुलगी. लहानपणी ती कापायच्या टेबलाखाली बसायची. वरून कापडाचे तुकडे पडत, ती ते गोळा करून रंगाप्रमाणे लावायची, आणि रंग सगळे सारखेच असल्यामुळे हा खेळ कधी संपायचा नाही. त्यावरून मास्तर तिला चिंधी म्हणू लागले. ती या नावाला ओ द्यायची, पळत यायची, चालत्या मशीनवर हात ठेवून म्हणायची की बाबा, हे आतून गुरगुरतंय.

मग पंधरावं लागलं, आणि घरात कुणी भाडेकरू येऊन राहिल्यासारखं झालं. दार लावलेलं. विचारलं तर हं, काही नाही, माहीत नाही. आतून मैत्रिणीशी फोनवर खिदळणं ऐकू यायचं, आणि मास्तरांच्या चपला वाजल्या की ते मधेच कापल्यासारखं थांबायचं. एकदा वाटी हातातून निसटली म्हणून ती रडली, आणि काय झालं असं विचारल्यावर अधिकच रडली. दुसऱ्या एका संध्याकाळी मागून येऊन तिने मास्तरांच्या पाठीवर नुसतं डोकं टेकवलं, काही मागितलं नाही, काही सांगितलं नाही, आणि निघून गेली. मास्तर बराच वेळ तसेच बसून राहिले. पाठ हलवली तर काहीतरी सांडेल असं त्यांना वाटलं.

त्यांची बायको बेकरीत पहाटेच्या पाळीवर होती. अंगाला पिठाचा वास घेऊन ती दुपारी परत यायची. ती या सगळ्याकडे हसून बघायची. मी उठते तेव्हा ही झोपते, म्हणायची. कारखाना झालाय घराचा, मायलेकी पाळी बदलताना तेवढ्या भेटतात.

एकदा डबा विसरला म्हणून मास्तरांनी फाटकापाशी मुलीला हाक मारली, चिंधी. त्या वयाच्या मुलींच्या बोलण्यात त्या शब्दाचा अर्थ कधीच बदलला होता. हलकं, फालतू, पैशाला चिकट असं काहीतरी तो आता सांगायचा. ती दुसऱ्याच कुणाला हाक मारल्यासारखी पुढे गेली. मास्तरांना वाटलं, वारं आहे, ऐकू गेलं नसेल.

खरी गोष्ट घडली ती शाळेच्या ट्यूनिकवरून. काही दिवसांपासून मास्तरांना दिसत होतं की तिचा ट्यूनिक पाठीत ओढतोय. ती खांदे पुढे घेऊन चालायला लागली होती, आणि बायको म्हणत होती की पोरगी वाकून चालते, तिला सांगा. मास्तरांना माहीत होतं की यात सांगण्यासारखं काही नाही, कपडा लहान झालाय. दुसऱ्याच्या अंगावरचा घट्ट कपडा त्यांना आपल्या गळ्याशी आल्यासारखा वाटायचा. सुट्टीच्या दिवशी मुलगी दुपारपर्यंत झोपली होती. त्यांनी दोरीवरचा ट्यूनिक काढला, दोन्ही कुशी उसवल्या, खालची दुमड उसवली, होती नव्हती तेवढी माया बाहेर काढली, नव्याने शिवला, इस्त्री केली आणि पुन्हा दोरीवर लावून ठेवला. विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. विचारण्यासारखं काय होतं? माया ठेवली होती ती याचसाठी.

कापड उन्हाने आणि धुण्याने विटलेलं होतं. शिवणीच्या आत दडलेला भाग मात्र नवाकोरा होता. त्यामुळे आता दोन्ही बाजूंना काखेपासून खालपर्यंत एकेक गडद पट्टा दिसत होता. असे पट्टे मास्तरांनी शेकडो मुलांच्या अंगावर पाहिले होते. लहान मुलांना ते सांगत, बढती मिळाली तुला. मुलं खूश होत. ती सात-आठ वर्षांची असत.

दुसऱ्या दिवशी मुलीने अर्धवट झोपेत ट्यूनिक अंगात घातला आणि धावत शाळा गाठली. पट्टे आधी दिसले ते तिच्या मैत्रिणीला, त्याच मैत्रिणीला, जिच्याशी दार लावून बोलणं व्हायचं. ती रांगेत मोठ्याने म्हणाली, अगं, बाबांनी मोजलं वाटतं तुला, दोन्हीकडून एवढी वाढलीस? रांग हसली. मधल्या सुट्टीपर्यंत मुलीचं नाव पट्टेवाली पडलं होतं, आणि कुणीतरी तिला शिपायाला सांगावं तसं खडू आणायला सांगितलं होतं.

मधल्या सुट्टीतच ती रस्ता ओलांडून दुकानात आली. काकू काज करत होत्या. मुलीचा आवाज चढलेला नव्हता.

"बाबा, तू मला नुसतं बघून मोजलंस?"

मास्तरांनी मशीन थांबवलं. त्यांना प्रश्न कामाचा वाटला, म्हणून त्यांनी कामाचं उत्तर दिलं.

"मोजायला कशाला लागतं? दिसतंच की."

तिने दप्तर पुढे ओढून पोटाशी धरलं आणि पाठ न वळवता, उलट्या पावलांनी, दुकानाबाहेर गेली. काकूंनी सुई कापडात खोचून ठेवली. "मास्तर," त्या म्हणाल्या, "कधीतरी खोटं बोलायला शिका हो."

त्या दिवसापासून उकाड्यातही तिच्या अंगावर सैल स्वेटर आला. मास्तर एका खोलीत आले की ती दुसऱ्या खोलीत जाई. जेवताना ती ताट अशा बेताने धरी की मधे भिंत व्हावी. आणि एका संध्याकाळी ताटाकडे बघतच तिने सांगितलं की पुढच्या वर्षापासून ती मावशीच्या गावी राहणार, शेवटची दोन वर्षं तिथल्या शाळेत करणार. मावशीशी बोलणं झालंय. मावशी हो म्हणाली.

बायको म्हणाली, हो म्हणायला मावशीच्या बापाचं काय जातंय. आणि मग लक्षात आलं की मावशीचा बाप म्हणजे तिचाच बाप, म्हणून ती स्वतःच हसली. दुसरं कुणी हसलं नाही.

"आणि तिथला युनिफॉर्म मी रेडिमेड घेणार," मुलगी म्हणाली.

"अगं, बापाच्या घशाखाली घास तरी उतरू दे," बायको म्हणाली.

मुलांनी घर सोडून जावं याला मास्तरांची हरकत नव्हती. मुलं जातातच, कपड्यांतून जातात तशी घरातूनही जातात. पण त्यांचा थोरला भाऊ असाच एका शब्दावरून रुसून गेला होता. तो नंतर येत राहिला, अजून येतो. पण येतो तो पाहुण्यासारखा. खुर्ची दिल्याशिवाय बसत नाही, पाणी मागून पीत नाही. मुलगी तशी येईल, दारात उभी राहून आत येऊ का म्हणेल, या विचाराने पाय मशीनवर असताना मास्तरांचं लक्ष उडायचं आणि शिवण नागमोडी जायची. त्यांच्या सबंध आयुष्यात शिवण नागमोडी गेली नव्हती.

त्याच सुमारास शाळेने पालकांची सभा बोलावली. मुलांच्या एक डॉक्टरीणबाई वाढत्या वयातल्या मेंदूविषयी बोलणार होत्या. बायकोची पाळी होती, म्हणून मास्तर एकटे गेले. मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे वर करून बसली होती. मास्तर सवयीने खांदे बघत होते. जवळपास सगळ्यांचेच पुढे झुकलेले होते.

डॉक्टरीणबाई साध्या बोलत होत्या. या वयात मेंदू नुसता मोठा होत नाही, त्या म्हणाल्या, तो आतून नव्याने जुळवला जातो. जे धागे वापरात नाहीत ते गळतात, जे रोज वापरले जातात ते पक्के होतात. पण सगळे भाग एकदम तयार होत नाहीत. राग, लाज, आनंद, काहीतरी करून बघण्याची ओढ, हे ज्या भागांत उसळतं ते आधी जागे होतात. कपाळामागचा भाग, जो थांब म्हणतो, पुढचं बघ म्हणतो, तो सगळ्यांत शेवटी पुरा होतो, विशीच्या मध्यापर्यंत त्याचं काम चालू असतं. झोपेचं घड्याळ पुढे सरकतं, त्यामुळे सकाळी न उठणं हा नुसता आळस नव्हे. आणि चारचौघांची नजर, विशेषतः बरोबरीच्यांची, या वयात लागते तशी पुढे कधी लागत नाही. तुम्हाला वाटतं, एवढ्याशा गोष्टीवर एवढं काय. त्यांच्या आत ती एवढीशी नसते.

मास्तरांच्या मनात खांदे आले. सगळ्यांत शेवटी पोचणारे. शरीराची गोष्ट त्यांना माहीत होती, पण डोक्याच्या आतही असंच, आधी पाय आणि मागून खांदे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तिथल्या घट्टपणावर बाहेरून नजर चालत नव्हती.

सभा संपताना त्यांनी हात वर केला. असा हात त्यांनी शाळेत असतानाही केला नव्हता.

"मग तो भाग तयार होईपर्यंत त्याचं काम कुणी करायचं?"

"थोडं तुम्ही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आवाज न करता. आणि दर वर्षी थोडं कमी." लोक हसले. बाईही हसल्या, आणि म्हणाल्या की माझ्या घरी एक सोळा वर्षांचा आहे, त्याच्यापुढे मलाही हे जमत नाही.

मास्तर घरी गेले ते हा माल ताजा असतानाच मुलीला द्यायला. ती नळाशी ग्लास भरत होती. त्यांना सांगायचं होतं की तुझं चुकलेलं नाही. की कपडा पक्का शिवण्याआधी मोठ्या टाक्यांनी जोडतात तेव्हाच तो सगळ्यांत मौल्यवान असतो, कारण तेव्हा काहीही बदलता येतं. पण मास्तर शब्द वाचवणारे. त्यांनी एवढंच म्हटलं की आज डॉक्टर सांगत होत्या, तुझा मेंदू म्हणजे अजून कच्चा टाका आहे.

ग्लास भरून पाणी वाहत राहिलं. तिने नळ बंद केला. आधी अंग मोजलं, ती म्हणाली, आता डोकं पण मोजून आलास. आणि दार लागलं.

बायकोने कपाळाला हात लावला, मग तोच हात तोंडाशी नेऊन हसू दाबलं. तिने विचारलं की कच्चा टाका म्हणजे तुमच्यात चांगलं असतं का. मास्तर म्हणाले, सगळ्यांत चांगलं. बायको म्हणाली की बेकरीत कच्चं म्हणजे परत भट्टीत.

मग त्यांनी ठरवलं की बघायचंच नाही. मुलगी समोर आली की ते जमिनीकडे बघू लागले, फरशीकडे, तिच्या चपलांकडे. पण डोळे ही काही कात्री नव्हे, की काम झालं की खिळ्याला टांगून ठेवावी. चपलेवरूनही त्यांना कळलं की टाच बाहेर यायला लागलीय. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. काही दिवसांनी मुलीनेच आईला विचारलं, बाबांना मानेचं काही दुखणं आहे का. बायको म्हणाली, तुझं दुखणं आहे.

मावशीचा फोन आला तो रेडिमेडचं गाडं अडलं म्हणून. त्या गावच्या शाळेचा गणवेश तयार मिळत नव्हता; शाळा कापड देत होती, शिवून ज्याचं त्याने घ्यायचं. कापड एका पुडक्यात येऊन पडलं. पुडकं चार दिवस जेवणाच्या टेबलावर होतं. चौकातल्या टेलरकडे टाकीन, मुलगी म्हणाली. टाक की, बायको म्हणाली. त्याने शिवलेल्या पँटीत माणसाला बसायचं असेल तर उभं राहावं लागतं.

एका दुपारी, मशीनचा आवाज थांबलेला असताना, ती दुकानात आली. हातात पुडकं. अंगात स्वेटर. तिने पुडकं टेबलावर ठेवलं आणि काकूंना म्हणाली की काकू, बाबांना सांगा की हे शिवायचंय.

काकूंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर दोन हातांवर होते. काकू गंभीरपणे म्हणाल्या, मास्तर, हे शिवायचंय. मास्तर काकूंना म्हणाले, ठीक आहे. काकू मुलीला म्हणाल्या, ठीक आहे म्हणतात. असं ते एकदा इकडून तिकडे गेलं, आणि मग पुढचा प्रश्न सगळ्यांपुढे येऊन उभा राहिला. माप.

मास्तरांना माप माहीत होतं. ती दारातून आली तेव्हाच, नको म्हणत असतानाही, डोळ्यांनी ते घेतलं होतं. त्यांनी गळ्यातला टेप काढला, गुंडाळला, आणि तिच्याकडे न देता टेबलावर ठेवला, पुडक्याशेजारी. मग ते रस्त्याकडे तोंड करून बसले.

काकू म्हणाल्या, मी घेते माप. मुलगी म्हणाली, नको, माझं मी घेईन.

ती पडद्यामागे गेली. पडद्याच्या कड्या वाजल्या. आत बराच वेळ खुडबुड चालली, टेप खाली पडला, उचलला गेला. मग आवाज आला. खांदा. बाही. उंची. ती एकेक आकडा सांगत होती आणि काकू टिपत होत्या. मास्तर फाटकाकडे बघत होते. तिने स्वतःच्या पाठीवर टेप कसा नेला असेल, कोपर कसं वळवलं असेल, हे त्यांना आवाजावरून कळत होतं. आकडे बरोबर येत होते. लहानपणी टेबलाखालून शिकलेलं होतं ते.

मग कंबर. आकडा आला आणि काकूंची पेन्सिल थबकली. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनाही कळलं होतं. आकडा कमी होता, चांगला कमी. श्वास आत ओढून, टेप आवळून घेतलेला. अशा आकड्यावर शिवलं तर कपडा अंगात जाणार नाही. काकूंनी ओठांनी विचारलं, काय लिहू.

मास्तरांनी हाताने खूण केली. सांगितलंय ते.

त्यांनी कापलंही त्याच मापावर. कात्री त्या वळणावर आली तेव्हा हात आपोआप बाहेरच्या बाजूला जाऊ बघत होता आणि त्यांना तो ओढून आत आणावा लागला. आयुष्यात चुकीचं माप माहीत असून कापण्याची ही पहिलीच वेळ. बायकोला त्यांनी सांगितलं तेव्हा ती म्हणाली की कापड फुकट जाईल. मास्तर म्हणाले, जाऊ दे. मग तिने विचारलं, आणि पोरगी?

ट्रायलला ती आली तेव्हा काकू घरी गेल्या होत्या. ती पडद्यामागे गेली. मास्तर काजांचे दोरे कापत बसले. आतून आधी कापडाची सळसळ, मग काहीच नाही. मग दोन-तीनदा दम लागल्यासारखा श्वास. कमरेशी बटण लागत नव्हतं, हे मास्तरांना इथे बसून दिसत होतं, आणि ते दोरे कापत राहिले.

पडदा बाजूला झाला. ती बाहेर येऊन आरशापुढे उभी राहिली, एका हाताने कंबर धरून. आरशात तिला स्वतःचं रूप, आणि पाठीमागे खाली मान घातलेला बाप दिसत होता.

"बाबा. वर बघ."

त्यांनी वर पाहिलं.

"चुकलंय," ती म्हणाली.

"कुणाचं?"

"माझं. मी श्वास रोखला होता."

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "मोजताना सगळेच रोखतात," ते म्हणाले. "तुझे हेडमास्तर पण रोखतात. कोटाच्या वेळी तर ते लालबुंद झाले होते."

तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं आणि जागच्या जागी थांबलं.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीस?"

रस्त्यावरून एक सायकल गेली, तिचा आवाज संपेपर्यंत ते थांबले. "तू सांगितलंस ते माप होतं," ते म्हणाले. "मागच्या वेळी मी विचारलंच नव्हतं. विचारायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "हवं होतं."

ती पडद्यामागे गेली, कपडे बदलून आली, आणि त्या चुकलेल्या गणवेशाची घडी करून तिने तो टेबलावर ठेवला. जाताना सांगितलं की कंबर तीन बोटं वाढव; मग उंबऱ्याशी थांबून म्हणाली, चार. मास्तरांच्या नजरेने साडेतीन सांगितले होते. त्यांनी चार वाढवली.

यानंतर सगळं ठीक झालं असं नाही. दार लागत होतंच. हं आणि माहीत नाही चालूच होतं. एकदा ती आईला इतकं तोडून बोलली की बायकोने बेकरीत जाऊन पिठाच्या पोत्यांवर बसून रडून घेतलं, आणि संध्याकाळी मुलगी काही झालंच नाही अशी आईच्या मांडीवर पाय टाकून फोन बघत बसली. मावशीकडे जाण्याची तारीख ठरलेली होती. पेटी खाली काढली होती. मास्तर आपल्या मनाशी म्हणत, गेली तरी आता रुसून नाही जाणार. तेवढ्यावर ते समाधान मानू बघत होते आणि ते पुरत नव्हतं.

एका रात्रीच्या जेवणाला मुलगी मधेच म्हणाली, "मावशीला सांगा, मी नाही येत."

बायकोचा हात ताटातच राहिला. तिने विचारलं, म्हणजे? काय झालं? मुलगी म्हणाली की काही नाही. मग थोड्या वेळाने म्हणाली की ती बोलली माझ्याशी. ती म्हणजे मैत्रीण. पट्टेवाली म्हणाल्याबद्दल तिने सॉरी म्हटलं होतं, वर्गासमोर म्हटलं होतं, आणि दोघी मिळून रडल्या होत्या, आणि आता पुढची दोन वर्षं एकाच बाकावर बसायचं ठरलं होतं. एवढंच.

मास्तर ज्या दाराशी इतके दिवस कान लावून बसले होते, ते दार आतून भलत्याच कारणाने उघडलं होतं. त्यात त्यांचा हात नव्हता. कदाचित अजिबातच नव्हता. हे त्यांना लागायला हवं होतं. पण सुई बोटात गेल्यावर कधीकधी रक्त यायला वेळ लागतो, तसं ते वाट बघत राहिले, आणि आलं ते दुखणं नव्हतं, नुसतं हलकं वाटणं होतं. मेंदूच्या कुठल्या भागात हे ठरलं असेल, कोण जाणे. त्या भागाला त्यांच्याकडे टेप नव्हता.

बायको तोंड उघडून काहीतरी बोलणार होती. पेटी, मावशी, शाळेला कळवलेलं, हे सगळं तिच्या ओठांवर आलेलं मास्तरांनी पाहिलं, आणि टेबलाखालून तिचा पाय हळूच दाबला.

"अहो, पाय कशाला दाबताय?" बायको मोठ्याने म्हणाली.

मुलगी हसली. आधी नाकातून, मग तोंड दाबून, मग ताटावर पडायची राहिली. त्यांना किती दिवसांनी हे समोरून ऐकू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती दुकानात आली आणि तो परगावचा गणवेश कुठे आहे म्हणाली. कापड चांगलं आहे, रंग इथे कुणाकडे नाही, त्याचा स्कर्ट करणार, मी करणार. काकूंनी आपलं स्टूल तिला दिलं, आणि हिला आता काजं पण करायला लावते, म्हणजे मी मरायला मोकळी, असं पुटपुटत चहा ठेवायला मागे गेल्या. मुलीने गणवेश मांडीवर उलटा पसरला आणि शिवण उसवायला घेतली. मास्तर मशीनवर होते, रस्त्याकडे तोंड करून, दुसऱ्या कुणाची बाही जोडत. फक्त मशीन, आणि ते थांबलं की टाका तुटल्याचा बारीक आवाज.

"बाबा, इथून ओढलं तर फाटेल का?"

मास्तर वळले नाहीत.

"ओढून बघ," ते म्हणाले.